मानगूट सोडा

"मानगूट सोडा. हात धरा."

एवढंच म्हणायचे. ज्याने पोराची मानगूट पकडलेली असे त्याची बोटं एकेक करून उलगडायचे, ओल्या दोरीची गाठ सोडवावी तशी. घाई नाही, जोर नाही. मग पोराचा पंजा आपल्या पंज्यात घ्यायचे आणि चालू लागायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते पनवेलच्या एस.टी. स्टँडवर. एस.टी. तेव्हा नवी होती, रेल्वे अजून यायची होती, आणि मुंबईला जाणारं-येणारं सगळं माणूस त्या स्टँडवर गोळा व्हायचं. एका नऊ-दहा वर्षांच्या पोराने एका बाईंच्या पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू लांबवले होते आणि चार-पाच धट्टेकट्टे गृहस्थ त्याच्याभोवती शौर्य गाजवत होते. खाकी कोट, काळी टोपी, काखेत कागदांची पिशवी अशी एक उंच, किडकिडीत मूर्ती गर्दीत शिरली आणि वरचे चार शब्द बोलली.

"तुम्ही कोण हो?" एकाने छाती काढून विचारलं.

"कोर्टाचा बेलिफ."

कोर्ट म्हटल्याबरोबर सगळे हात मागे गेले. उगाच साक्षीला बोलावलं तर काय घ्या.

"किती खाल्लेस?" त्यांनी पोराला विचारलं.

"दोन."

"उरले किती?"

"एक."

"तो बाईंना परत दे आणि त्यांचं गाठोडं गाडीत चढवून दे."

पोराने तसं केलं. बाईंनी तो उरलेला लाडू पुन्हा त्याच्याच हातावर ठेवला. का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि छडीवर माझी देवासारखी श्रद्धा होती. मी त्यांना गाठून म्हणालो, "असे लाड करून पोरं सुधारत नसतात."

"मास्तर, मानगूट धरली की पोरगं मागं बघतं, कुठून निसटता येईल ते. हात धरला की पुढं बघतं. करून बघा कधी."

मला तो फाजील शहाणपणा वाटला. बेलिफाने मास्तरला शिकवायचं म्हणजे काय! पण पुढची दहा-बारा वर्षं मी त्यांच्याच मागे फिरलो, तेव्हा आता त्या ताठ्याला काही अर्थ नाही. त्यांचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. कागदावर नाव येणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते आवडलं नसतं.

समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम घेऊन गावोगाव पायी जायचं, हे त्यांचं काम. बेलिफ दारात दिसला की घरातलं मांजरसुद्धा परसदाराने सटकतं. म्हणून त्यांनी आपली एक रीत ठेवली होती. दारात उभं राहून आधी पाणी मागायचं. "आधी पाणी, मग कागद," म्हणायचे. ज्याने पाणी दिलं तो मग शिव्या जरा हळू देतो, असा त्यांचा अनुभव होता. पण खरं कारण निराळं होतं. तांब्या तोंडाला लावला की त्यांचे डोळे घरभर फिरायचे. कोणाची चूल गार आहे, कोणाचा बाप भिंतीला टेकून नुसता बसलाय, कोणाचं पोरगं शाळेच्या वेळेला अंगणात गोट्या खेळतंय, हे सगळं ते एका तांब्यात बघून घ्यायचे.

ते बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. जुनी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणत, कारण त्यांचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घाणे गेले, पोरं शिकून कचेऱ्यांत लागली, शनिवार तेवढा राहिला. बोलणं आमच्यासारखंच मराठी, जेवणात मासळी आमच्यापेक्षा बरी. प्रार्थनेच्या जागेला ते मशीद म्हणत आणि शनिवारी सकाळी पांढरा कोट घालून तिकडे जात. त्या दिवशी काडी ओढायची नाही, लिहायचं नाही, की लिहिण्याची वस्तू जवळ बाळगायची नाही. एरवी त्यांच्या खिशाला एक हिरवं फाउंटन पेन असायचं. टोपण सैल झालेलं, म्हणून दोऱ्याने बांधलेलं. त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवेलागणीलाच लागायचा, आणि तेव्हापासून तो खिसा रिकामा. कोर्टाच्या साहेबांनी त्यांना शनिवार मोकळा दिला होता. त्याच्या बदल्यात होळी-दिवाळीच्या सुट्टीत कचेरी सांभाळायची.

मी एकदा त्यांना डिवचलं होतं. "एक रेघ ओढलीत शनिवारी, तर काय होईल हो?"

"काही नाही होणार. म्हणूनच ओढत नाही. काही होणार असतं, तर नुसत्या भीतीने नसती ओढली."



गावातल्या वाट चुकणाऱ्या पोरांसाठी त्यांनी एक मंडळ जमवलं होतं. मंडळ म्हणायचं आपलं. आम्ही चार जण, दर रविवारी दुपारी गाडीची चाकं बनवणाऱ्या एका सुताराच्या छपरात लाकडाच्या ओंडक्यांवर बसायचो. सुतारमामा, पोलिसातून निवृत्त झालेले जमादारसाहेब, बेलिफ आणि मी. पनवेलची चाकं तेव्हा लांबलांबच्या गाड्यांना लागत, त्यामुळे आमच्या चर्चेला लाकूड तासणाऱ्या वाकसाची ठकठक कायम साथीला असे. मी मोठ्या हौसेने मंडळासाठी नाव सुचवलं, वही आणली, रबरी शिक्का करून घ्यायचं बोललो. बेलिफांनी वही माझ्या पिशवीत परत घातली.

"मंडळाचं नाव लिहिलं की पोराचंही लिहावं लागेल. मी आठवडाभर कागदच वाहतो, मास्तर. माणूस विसरतो, कागद विसरत नाही."

मंडळाचा कायदा एकच होता आणि तोही त्यांचाच. ज्याचं नेलं, त्याच्याच दारात. पोराने ज्याची वस्तू चोरली त्याच्या दारात त्याने रोज किंवा रविवारी जाऊन बसायचं, तो देईल ते काम करायचं. आमच्यापैकी एकाने त्याला हाताला धरून तिथवर पोचवायचं. शिक्षा चोराला की चोरी झालेल्याला, असा प्रश्न मी विचारला होता. "दोघांना," ते म्हणाले. "दोघांनी एकमेकाला बघायला नको?"

लोक हसायचे. कोर्टाचा नोकर आणि चोरांचा वकील, म्हणायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय, म्हणायचे. पण कायदा चालत होता. जमादारसाहेबांच्याच कोंबड्यांची अंडी एका पोराने पळवली, तेव्हा त्याला महिनाभर त्यांच्या खुराड्यावर नेमलं. महिना संपला त्या रविवारी जमादारसाहेब अगदी पडलेल्या चेहऱ्याने छपरात आले.

"बेलिफसाहेब, मुद्दत वाढवा. खुदा के वास्ते."

"का? पुन्हा चोरी केली?"

"तोबा! चोरी कसली? माझ्या कोंबड्या आता माझ्या हाताने दाणे खात नाहीत."

आता मी ज्या पोराबद्दल सांगणार आहे त्याच्याकडे येतो. हे सांगताना मला माझाच कान पिळावासा वाटतो, कारण त्या गोष्टीची सुरुवात माझ्या हातून झाली होती.

बंदराकडच्या कोळीवाड्यातलं पोर, बारा वर्षांचं, माझ्या वर्गात होतं. बाप समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. आई बाजारात मासळी विकायची. पोर शाळेत येईनासं झालं. गैरहजेरीचे ठरलेले दिवस भरले आणि मी हजेरीतून त्याचं नाव कमी केलं, लाल शाईने, पट्टी धरून, सरळ रेघ मारून. घरी जाऊन विचारावं असं मनातही आलं नाही. नियमाप्रमाणे केलं होतं.

पुढच्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी कोनचा एक गाडीवान भात गिरणीवर उतरवून रिकामी गाडी घेऊन घरी चालला होता. वाटेत उतारावर गाडीचं एक चाक निखळलं. गाडी कलंडली, तिच्याखाली गाडीवानाचा पाय सापडून मोडला. बघतात तो आसाच्या टोकाची लोखंडी खीळ, जी चाकाला बाहेर निसटू देत नाही, ती जागेवर नव्हतीच. त्या दिवशी बाजारात उभ्या असलेल्या आणखी तीन गाड्यांच्या खिळी गेल्या होत्या. गावात एकच ओरडा झाला. शुक्रवारी सकाळी कोळीवाड्यातलं ते पोर पकडलं गेलं. त्याच्या चड्डीच्या खिशात एक खीळ सापडली.

भंगारवाल्याला विकायला नेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही. शाळा सोडली की हेच व्हायचं, असं मी शिक्षकांच्या खोलीत जाहीरसुद्धा केलं.

बेलिफ मात्र म्हणाले, "आधी घर बघू." पोराच्या आईला कोर्टाचं बोलावणं पोचवायचं होतंच, त्यांनी मलाही बरोबर घेतलं. पोराची आई दारातच रडत होती. "माजा पोर चोर नाय हो, मास्तर! तुमाला ठाव हाय ना तो!" मला काय ठाव होतं? मी फक्त त्याचा हजेरीचा नंबर सांगू शकलो असतो.

बेलिफांनी पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. भिंतीला एक जुनं, विरलेलं जाळं टांगलेलं होतं. कुणीतरी ते नवख्या हाताने ठिकठिकाणी सांधलं होतं. आणि त्याच्या खालच्या काठाला, सुतळीने पक्क्या बांधलेल्या, तीन लोखंडी खिळी लोंबत होत्या.

"हे जाळं कुणाचं?"

"त्याच्या बापाचा. पोर सांधतो दिसभर. बोलतो, आये, मी जाईन आता खाडीवर."

जाळं पाण्यात नीट बसायला खाली वजन लागतं. त्याच्या बापाच्या जाळ्याची वजनं केव्हाच विकली गेली होती. म्हणून पोराने बाजारात लोखंड शोधलं. गाड्यांच्या खाली हाताला सहज येईल असं, उपटलं की निघणारं लोखंड. खाडीवरच्या पोराला जाळं कळत होतं, होडी कळत होती. बैलगाडीत तो जन्मात बसला नव्हता. त्या खिळीने काय धरून ठेवलेलं असतं, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

परतताना बेलिफ म्हणाले, "शाळेतून नाव कधी कमी झालं?"

"मागच्या महिन्यात. नियमाप्रमाणे."

त्यांनी नुसती मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साहेब सोमवारपासून दौऱ्यावर जाणार होते, म्हणून प्रकरण शनिवारी सकाळीच घ्यायचं ठरलं. गावातल्या एका जबाबदार माणसाने सहा महिने देखरेखीची लेखी हमी दिली तर पोर गावात राहील, असं साहेबांनी बेलिफांना सांगितलं होतं. नाही तर दुपारच्या गाडीने पोलीस त्याला मुंबईला घेऊन जाणार आणि तिथून तो रिमांड होममध्ये, अठरा वर्षांचा होईपर्यंत. जमादारसाहेब लग्नाला उरणला गेले होते. सुतारमामाने साफ नकार दिला. "अंडी चोरली, मी बोललो नाही. खीळ चोरणाऱ्याची हमी? मी चाकं बनवतो, बेलिफ!" त्याचंही खरं होतं.

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला ते माझ्या दारात उभे. पांढरा कोट, डोक्याला टोपी. प्रार्थना अर्धी टाकून आले होते. मी पूर्वी कधी हे पाहिलं नव्हतं.

"मास्तर, आज माझा हात चालत नाही. तुमचा पाहिजे."

कशासाठी ते मला लगेच कळलं. माझी नोकरी कच्ची होती. घरी आई, दोन बहिणी. चोराची हमी घेणारा मास्तर म्हणून हेडमास्तरांनी वर कळवलं असतं तर? मी भ्यालो, आणि भ्यालेला माणूस जसा चिडतो तसा चिडलो.

"तुम्हीच करा की सही! साहेबांना कोणीही चालणार आहे. तुमचा शनिवार पाळायला माझी नोकरी कशाला? एक दिवस लिहिलंत तर तुमचा देव रागावेल काय?"

हे मी बोललो.

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ते माझं मी बघीन. तुम्ही चला तर खरे. सही करू नका. नुसते चला."

नुसतं चालायला माझी हरकत नव्हती. आम्ही दोघे कोर्टात गेलो. ते माझ्या शेजारी, दाराजवळच्या बाकावर बसले. पोराला आत आणलं. त्याच्या अंगावर माझ्याच शाळेच्या गणवेशाचा सदरा होता, दोन बटणं तुटलेला. शिपायाने त्याला मानगुटीला धरलं होतं. पोर खरोखरच मागे बघत होतं. दाराकडे, दारापलीकडच्या उन्हाकडे, जिथे त्याची आई टोपली खाली ठेवून उभी होती.

साहेबांनी विचारलं, "हमी कोण देतंय?"

कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी शेजारी पाहिलं. बेलिफ बाकावरून अर्धे उठले होते आणि त्यांचा उजवा हात पांढऱ्या कोटाच्या आतल्या बाजूला गेला होता. म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात पोराने मला ओळखलं. "गुरुजी," असं म्हणाला की नुसते ओठ हलले, कोण जाणे. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा वाटलाच नाही.

"मानगूट सोडा. हात धरा."

शिपाई बावचळला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, आधी हमी द्या, मग हात धरा."

आता मागे फिरायला वाट नव्हती. मी टेबलाशी गेलो. कारकून दौतीत टाक बुडवत होता, दौत कोरडी होती, तो शाईची बाटली शोधायला उठला. बेलिफांनी कोटातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या मास्तर. शाईची वाट बघत बसू नका." दोऱ्याने बांधलेलं टोपण मी दातांनी सोडवलं आणि सही केली. गडबडीत शाईचा थेंब सांडला, तो त्या कागदावर असेल अजून.

बाहेर आल्यावर मी पोराचा हात धरला. लहान, खरखरीत, सुतळीने कापलेला हात होता. तो पुढे बघत चालायला लागला. मला रडू आलं, ते मी घाम पुसायच्या निमित्ताने पुसलं. बेलिफ आमच्याबरोबर आले नाहीत. ते मशिदीकडे वळले, नेहमीपेक्षा सावकाश चालत.

नोकरी राहिली. हेडमास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच. सोमवारी मी हजेरीत पोराचं नाव पुन्हा लिहिलं.

पण मला वाटलं होतं की सही झाली, संपलं. सहीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बेलिफ दारात हजर. "चला. ज्याचं नेलं त्याच्याच दारात. आता तुमचे पाय पाहिजेत."

कोन म्हणजे अडीच कोस. गाडीवान ओटीवर पाय बांबूच्या पट्ट्यांत बांधून पडला होता. पोराला बघताच तो कडाडला, "ह्याला माज्या दारान नको! न्या त्याला!"

बेलिफांनी पोराला गोठ्याजवळ बसवलं, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो आणि परत आलो. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी गाडीवानाने पाऊण दिवस सहन केलं, मग ओरडला, "आरं बसलास काय देवावानी? बैलांना पानी दाव!"

पोर उठलं. बैलांना घाबरत घाबरत पाणी दाखवलं. गाडीवान त्याचं घाबरणं बघत राहिला.

"कशाला नेलीस रं खील?"

"जाल्याला वजन पायजे होता."

"आनि चाक निगालं तं? ती खील हाय म्हनून चाक ऱ्हातं. तुला ठाव नाय?"

"नाय. मी गाडीन कवाच बसलो नाय."

गाडीवानाने माझ्याकडे पाहिलं, बेलिफांकडे पाहिलं. इतके दिवस तो एका हरामखोरावर चिडून होता. आता समोर हे पोर होतं, बैलाच्या शिंगाला भिणारं. त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला.

सहा महिने रविवारचं मंडळ बाजूला ठेवून मी कोनला गेलो. छडीचा भक्त मी, दर रविवारी चोराचा हात धरून अडीच कोस चालत होतो आणि वाटेत त्याला पाढे म्हणायला लावत होतो. तो मला भरती-ओहोटीची वेळ चंद्रावरून कशी काढायची ते शिकवत होता. गाडीवान उभा राहिला, लंगडत चालू लागला. गाडी पहिल्यांदा जुंपली त्या दिवशी आम्ही तिघेही अंगणात होतो. गाडीवान धुरेवर बसला, कासरा हातात घेतला, आणि थांबला.

"पोरा, खील बघ रं."

पोर वाकलं. एका बाजूची खीळ बघितली, ठोकली. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही ठोकली. "हाय," म्हणालं.

"मंग बस वर."

त्या दिवशी तो पहिल्यांदा बैलगाडीत बसला. बेलिफांनी टोपी काढून घाम पुसला. उन्हाळा नव्हता. संध्याकाळी त्यांच्या घरी मलिदा होता, गोड पोहे, खोबरं आणि फळं. नवस फेडताना त्यांच्यात करतात तसा. पहिलं ताट पोराला दिलं.

पुढे सातवी होऊन पोर सुतारमामाच्याच छपरात चाकं बनवायला लागलं. हमी नाकारणाऱ्या मामानेच त्याला मागून घेतलं. "खिळीचं मोल ह्याच्याइतकं कोणाला कळलंय?" म्हणाला. जाळं त्याने टाकून दिलं नाही. रविवारी मंडळ आटोपलं की खाडीवर जायचा.

मग बेने इस्रायलांची घरं एकेक करून बंद होऊ लागली. कोणी आधीच इस्रायलला गेलं होतं, कोणाची पत्रं येत होती. बेलिफांचे दोन्ही मुलगे तिकडे स्थिरावले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनाही जाणं भाग पडलं. शुक्रवारी दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा घरात ट्रंका आणि वळकट्यांशिवाय काही नव्हतं. त्यांनी ते हिरवं पेन माझ्या हातात ठेवलं.

"अहो, तुम्हाला लागेल ना."

"तिकडे उजवीकडून डावीकडे लिहितात. ह्या निबला आता ते जमायचं नाही. आणि उद्या शनवार, उद्या मला हे जवळ ठेवता यायचं नाही. परवा सकाळी गाडी. म्हणून आजच घ्या."

मी पेन खिशाला लावून निघालो. तळ्याच्या काठाशी आलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. उद्या शनिवार, म्हणून जवळ ठेवता येत नाही. मग त्या शनिवारी, कोर्टात, त्यांच्या कोटात हे पेन कसं होतं?

घरून निघतानाच त्यांनी ते खिशात घातलं असणार. तेच पेन घेऊन प्रार्थनेला बसले असणार. ते खिशात असताना माझ्या दारात उभे राहिले, आणि मी त्यांना त्यांचा देव रागावेल का म्हणून विचारलं. इतकी वर्षं मी स्वतःची पाठ थोपटत होतो की बेलिफांना जे जमलं नाही ते मी केलं.

रविवारी सकाळी एस.टी. स्टँडवर मंडळ झाडून हजर होतं. जमादारसाहेब रडत होते आणि ते लपवतही नव्हते. पोर, आता मिसरूड फुटलेला जवान गडी, ट्रंका टपावर चढवत होता. मी खिडकीशी गेलो.

"त्या शनिवारी पेन तुमच्या खिशात कसं होतं?"

ते एकदम दुसरीकडे बघू लागले. इतक्या पोरांच्या चोऱ्या ज्यांनी धरल्या, त्यांची ही एक मी धरली होती, आणि तीही इतक्या उशिरा.

"मास्तर, भरवसा होता तुमच्यावर." गाडी सुरू झाली होती. त्यांनी आवाज थोडा वाढवला. "पण पोरगं होतं ना!"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी तो धरला आणि गाडी वेग घेईपर्यंत धरून चाललो. मग सोडावा लागला.

ते गेल्यावरही मंडळ बरीच वर्षं चाललं, नावाशिवाय, शिक्क्याशिवाय. तिकडून त्यांची पत्रं यायची, मराठीत, कुठल्यातरी दुसऱ्या पेनाने लिहिलेली, आणि प्रत्येकात पोरांची चौकशी. मग एक वर्ष पत्र आलं नाही, आणि पुढेही आलं नाही.

पेन माझ्याकडे आहे. निब दोनदा बदललं, दोरा नवा बांधला. हे सगळं त्यानेच लिहिलं. मी शनिवारी मारुतीला तेल वाहणारा माणूस, मला कसली आलीय बंदी. पण शुक्रवारी दिवेलागणीला मी ते खिशातून काढतो आणि टेबलाच्या खणात ठेवतो. रविवारी सकाळी पुन्हा लावतो.